उभ्या गाडीचा वेग

माझ्या मोटरसायकलचा काटा चाळीसवर अडकून पडला त्याला बरीच वर्षं झाली. गाडी अंगणात उभी असली तरी चाळीस, मेहरीझच्या उतारावर सुटली तरी चाळीस. आतली केबल तुटलेली. मला त्याचं काही वाटत नव्हतं. यज्दमध्ये वेग बघून करायचंय काय? आमच्या फहादानच्या बोळांत समोरून गाढव आलं तर दोघांपैकी एकाला मागे सरावं लागतं, आणि गाढव काही सरत नाही.

तेव्हा नवा मीटर मी वेगासाठी बनवला असं कुणी समजू नये. लोक समजतात. माझा मेहुणा तर मला शास्त्रज्ञ म्हणतो. खरी गोष्ट अशी की मला माझ्या मुलाशी बोलायला विषय हवा होता.

सियामक हॅम्बुर्गला असतो. लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहितो. शिकायला म्हणून गेला, मग नोकरी लागली, मग लग्न, मग मुलगी. माझी बायको तलअत होती तोवर फोन हे तिचं खातं होतं. ती त्याच्याशी तासभर बोलायची, रडायची, हसायची, आणि सगळं बोलून झालं की फोन माझ्या हातात कोंबायची. मी म्हणायचो, "तिकडे पाऊस आहे का?" तो म्हणायचा, "आहे." मी म्हणायचो, "इकडे नाही." झालं आमचं बोलणं. तलअत गेली आणि माझ्या वाट्याला नुसता पाऊस उरला.

तरी पोरगा दर शुक्रवारी फोन करायचा, नाही म्हणणार नाही. शुक्रवार म्हणजे आमची सुट्टी आणि त्यांचा कामाचा दिवस. तो जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या भोजनगृहातून बोलायचा, मागे काटे-चमचे वाजत असायचे. साखर किती आली, गोळ्या घेतल्या का, पाऊस. मग "कुर्बान जाऊ बाबा" आणि फोन बंद. कुर्बान जाऊ म्हणजे जीव ओवाळून टाकतो. आमच्याकडे हे रोटी देणाऱ्यालाही म्हणतात.

एका शुक्रवारी पाऊस लवकर संपला आणि मला काय बोलावं सुचेना. मी म्हणालो, "गाडीची केबल तुटलीये रे."

"कधी?"

"परवाच." ती तुटली तेव्हा हा शाळेत होता.

"मग नवी टाका ना."

"मिळत नाही." मी विचारलंही नव्हतं.

काटे-चमचे थांबले. "बाबा, केबल कशाला? जीपीएसवर करू या आपण. चाकाला काही जोडायलाच नको. वरून उपग्रह बघतात, आपण कुठून कुठे गेलो त्यावरून वेग कळतो. एक छोटा बोर्ड लागेल, एक मॉड्यूल, एक पडदा. तुम्ही जोडा, मी प्रोग्रॅम लिहितो. सोपं आहे."

बाकीचं मला अर्धंच कळलं. 'आपण' तेवढं कळलं. पुढचा आठवडा मी त्या एका शब्दावर काढला.

वस्तू आणायला देहकानच्या दुकानात गेलो. हा देहकान रेडिओपासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळ्याचे सुटे भाग विकतो आणि गिऱ्हाइकाची चौकशी केल्याशिवाय स्क्रूसुद्धा देत नाही.

"काय बनवताय, आगा मनूचेहर? या वयात रॉकेट?"

"हो. पहिली फेरी तुझ्यासाठी राखून ठेवलीये. एकतर्फी."

"मी काय म्हणतो, तयारच मिळतं की हे. मोबाईलमध्ये पण दिसतो वेग."

"तुला विकायचंय की नाही?"

"पेशकश, पेशकश. तुमचंच दुकान आहे," म्हणाला, आणि एक रियालही न सोडता पैसे घेतले.

मी जन्मभर सूतगिरणीत इलेक्ट्रिशियन होतो. सोल्डर करायला हात अजून थरथरत नाही. पण हे मॉड्यूल म्हणजे बिस्किटाएवढं, त्याच्या तारा केसाएवढ्या. तलअतचं शिवणकामाचं भिंग काढलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर चादर अंथरली आणि बसलो. घरात कुणी "टेबल जाळशील" म्हणायलाही नव्हतं, म्हणून मीच म्हटलं.

फोन रविवारवर गेला. शुक्रवारी भोजनगृहातून प्रोग्रॅम कसा लिहिणार? रविवारी तो घरी असायचा, त्याच्या टेबलाशी. माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये त्याने काहीतरी घालून ठेवलं होतं, त्यामुळे तो तिकडे बसून माझ्या पडद्यावरचा बाण हलवायचा. मी चहाचा पेला हातात घेऊन बघत राहायचो. बाण आपला इकडून तिकडे जातोय, खिडक्या उघडतोय, मिटतोय, ओळी उमटताहेत. मध्येच थांबायचा. मी ओळखायचो की आता हा कान खाजवतोय. लहानपणापासूनची खोड आहे. खरं सांगतो, त्या वेळी मुलगा घरात आहे असं वाटायचं. मी एकदा चुकून त्याच्यासाठीही चहा ओतला होता, आणि मग तो मलाच प्यावा लागला.

पहिली चूक माझी. मीटरला डबी हवी म्हणून मी कुत्ताब नावाच्या मिठाईचा रिकामा डबा घेतला. यज्दमध्ये मिठाईच्या पत्र्याच्या डब्यांना तोटा नाही, एकेका घरात शिवणापासून कागदपत्रांपर्यंत सगळं त्यातच असतं. छान भोकं पाडली, पडदा बसवला, आणि उपग्रह एकही दिसेना. सियामक दोन रविवार प्रोग्रॅम तपासत बसला. शेवटी म्हणाला, "बाबा, कशात बसवलंय ते दाखवा बरं." मी फोन वळवला.

"कुत्ताबच्या डब्यात?"

"धुऊन घेतलाय."

"बाबा! पत्रा आहे तो! त्याला आकाश कसं दिसणार?"

तो इतका हसला की त्याची बायको काय झालं बघायला आली. त्याने तिला जर्मनमध्ये सांगितलं, तीही हसली. मी पण हसलो. मग साबणाची प्लॅस्टिकची डबी घेतली.

तरी आमच्या बोळांत काही जमेना. दोन्ही बाजूंनी मातीच्या उंच भिंती, वर ठिकठिकाणी कमानी. आकाश म्हणजे वर एक चिंधी. मग मी गच्चीवर जायला लागलो. आमच्याकडे पुरुषमाणूस गच्चीवर चढला की शेजारणींची अंगणं उघडी पडतात, म्हणून जिन्यावरूनच "या अल्लाह, या अल्लाह" ओरडत जायचं. मी रोज ओरडत होतो. शेजारच्या इस्मत खानम शेवटी वैतागल्या.

"आगा मनूचेहर, रोज गच्चीवर कसला उद्योग? दिवसातून किती वेळा चादर घेऊ डोक्यावर?"

"उपग्रह शोधतोय, खानम."

"सापडला की त्याला म्हणावं, माझा वाळत घातलेला पुदिना तुडवू नकोस."

संध्याकाळी त्यांनी शूलीच्या सूपचा वाडगा पाठवला, वर तोच पुदिना. जीभ तिखट, हात सढळ. पण आत येऊन बसणार नाहीत आणि मला बोलावणार नाहीत. एकटी बाई, एकटा पुरुष, आणि मधे सगळा मोहल्ला.

गच्चीवर उपग्रह सापडले. सियामकने पहिला आकडा बघितला आणि म्हणाला, "हे समुद्री मैल आहेत बाबा. जहाजांचं माप. गुणाकार करून किलोमीटर करायला लागतील." जवळचा समुद्र आमच्यापासून अख्ख्या वाळवंटापलीकडे, आणि माझी गाडी जहाजाचं माप सांगत होती. पुढची अडचण म्हणजे मीटर गच्चीवर स्थिर ठेवला तरी तो एक, दोन, एक असा चालतच राहायचा. "उपग्रहांना तुम्ही नक्की कुठे आहात ते कळत नाही," सियामक म्हणाला. "इकडेतिकडे शोधत राहतात, म्हणून हललात असं वाटतं."

"मी इथेच आहे म्हणावं. कुठे जातोय?"

त्याने प्रोग्रॅममध्ये घातलं, तीनच्या खाली सगळं शून्य. त्यात एक रविवार गेला. मला अजून चालले असते.

मग मीच खुसपट काढलं. म्हटलं, हे फिरंगी आकडे मला नकोत, डोळे दुखतात, आपले फारसी आकडे हवेत. त्या पडद्यासाठी आपले आकडे तयार मिळत नव्हते, एकेक ठिपका मांडून काढावे लागणार होते. सियामक उसासा टाकेल असं वाटलं होतं, पण तो खुलला. मी चौकटीच्या कागदावर आकडा काढायचो, कुठली चौकट काळी ते सांगायचो, तो तिकडे मांडायचा.

"पाच सांगा."

"पाच म्हणजे उलटं बदाम. शेंडा वर, खाली खाच."

"या पडद्यावर खाच नाही दिसणार बाबा, जागा नाही."

"मग नुसतं गोल कर. कळतं वाचणाऱ्याला."

एक ते नऊ झाले. तिकडून मीना, माझी नात, जेवायला हाक मारत होती. तिची हाक मला कळायची, तेवढं जर्मन मी शिकलो होतो. "शून्य राहू द्या," सियामक म्हणाला, "ते मी घालतो."

त्याने फाइल पाठवली, कुठलं बटण दाबायचं ते सांगितलं. सोमवारी मी अंगणात गाडीवर मीटर बसवला आणि चालू केला. अंगणात आकाश चौकोनी का होईना, पण आहे. थोड्या वेळाने उपग्रह आले आणि पडद्यावर आकडा उमटला. पाचशे पाच.

गाडी उभी. इंजिन बंद. डाळिंबाच्या झाडाला टेकवलेली. वेग ताशी पाचशे पाच.

मी तारा तपासल्या. मॉड्यूल काढून परत लावलं. गाडी ढकलत अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली, तर तो पाचशे पाचच. इस्मत खानम गच्चीवर कपडे काढत होत्या. त्यांनी वरून विचारलं, "काय झालं? मेला का तुमचा उपग्रह?"

"गाडी पाचशेने पळतेय, खानम."

"मग बाजारातून येताना लिंबं आणा. आत्ता पोचाल."

आठवडाभर मी डोकं फोडलं. खोटं कशाला बोलू, आनंदाने फोडलं. रविवारसाठी हा मोठा ऐवज होता. रविवारी सियामकने माझ्या पडद्यात डोकावून सगळ्या ओळी पाहिल्या आणि म्हणाला, "सगळं बरोबर आहे बाबा. शून्य दाखवायला हवं. काय दिसतंय नक्की?"

"पाचशे पाच."

"शक्य नाही. फोटो पाठवा."

पाठवला. तो म्हणाला, "हे काय, शून्यच तर आहे. शून्य पॉइंट शून्य."

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. एक गोल, एक ठिपका, एक गोल. मग माझ्या लक्षात आलं. आमच्या आकड्यांत गोल म्हणजे पाच. आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्याने शून्य म्हणून तिकडचं गोल शून्य काढलं होतं, आणि मध्ये दशांशाचा ठिपका दिला होता. त्याच्या डोळ्यांना ते काहीच नाही असं दिसत होतं, माझ्या डोळ्यांना पाचशे पाच.

"सियामक," मी म्हणालो, "आपलं शून्य ठिपका असतं रे."

तिकडे त्याने फोटो पुन्हा उघडला. मग तो म्हणाला, "अरे हो." आणि मग हसला. मीही हसलो. दोघं खूप हसलो, तो म्हणाला की उद्या ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगतो. पण फोन ठेवल्यावर मला काहीतरी लागलं ते लागलंच. बाकीचे नऊ मी सांगितले म्हणून आले. जो त्याच्यावर सोडला, तो परका निघाला. पोराची चूक नव्हती. तो तिथे हिशेब करतो, तिथे घराचं भाडं भरतो, मुलीला तिथली अंकलिपी शिकवतो. शून्य कुठून आठवणार? मला राग आला तो कुणाचा ते शोधत बसलो, आणि कुणी सापडलं नाही.

त्याने शून्याचा ठिपका केला, दशांश काढून टाकला. मीटर सुरेख चालला. मी ताफ्तच्या रस्त्याने निघालो, हळू, म्हाताऱ्यासारखा. पंचेचाळीस, सत्तेचाळीस, पन्नास. वर मोकळं आकाश, समोर शीरकूहचा डोंगर, आणि हँडलवर आमचे दोघांचे आकडे. मला कुणाला तरी दाखवावंसं फार वाटलं. एका बंद पेट्रोल पंपाशी थांबलो, तिथल्या कुत्र्याला दाखवलं आणि परत आलो.

पुढच्या रविवारी सियामकने विचारलं, "चालतंय ना?"

"झकास."

"वा! मग झालं की बाबा आपलं काम."

त्याच्या पुढच्या वेळी फोन शुक्रवारी आला. काटे-चमचे वाजत होते.

मी तक्रारी काढून पाहिल्या. उन्हात पडदा दिसत नाही म्हटलं, तर तो म्हणाला वर पुठ्ठ्याची पट्टी लावा. हादऱ्याने स्क्रू ढिले होतात म्हटलं, तर रबर घाला म्हणाला. घास चावत चावत उत्तरं देत होता, आणि उत्तरं बरोबर होती. मग साखर, गोळ्या, पाऊस.

तेव्हा माझ्या डोक्यात हूशंग आला.

हूशंग माझा मेहुणा, धाकट्या बहिणीचा, मलीहेचा नवरा. आमच्याकडे कुणी तुमची वस्तू छान आहे म्हणालं की तुम्ही म्हणायचं, "पेशकश, तुमचीच आहे, घेऊन जा." समोरच्याने म्हणायचं, "छे छे, तुमच्याकडेच शोभते." हे दोनदा, तीनदा. वस्तू आपल्या जागी राहते आणि दोघंही मोठ्या मनाचे ठरतात. याला म्हणतात तआरुफ. तीनदा ओलांडून चौथ्यांदाही कुणी म्हणालंच, तर ते खरं. पण हूशंग पहिल्याच पेशकशला वस्तू उचलतो. आजवर त्याने आमच्या घरातून एक कंदील, एक सतरंजी आणि तलअतचा पिंजऱ्यासकट बुलबुल नेलाय. तो येणार म्हटलं की नातेवाईक शोभेच्या वस्तू झाकून ठेवतात.

मी मीटर गाडीवरून काढला, पुसला आणि बैठकीत मधोमध ठेवला. गुरुवारी दोघांना जेवायला बोलावलं. मीटर गेला की नवा बनवावा लागणार. नवा बनवायचा म्हणजे रविवार आले. मला माझा डाव इतका आवडला की मी पुलावात केशर जास्त घातलं.

हूशंगची नजर बसल्या बसल्या गेली. "हे काय मनूचेहरखान?"

"मी आणि सियामकने बनवला. गाडीचा वेग दाखवतो. उपग्रहावरून."

"अहाहा! काय हात आहे तुमचा!"

"पेशकश," मी म्हणालो. "तुमचाच आहे. घेऊन जा."

मी वाट पाहू लागलो. हूशंगने हात पुढे केला, मलीहेकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला. "छे छे. तुमच्याकडेच शोभतो."

मी चक्रावलो. जन्मात पहिल्यांदा हा माणूस रीतीने वागत होता, आणि तोही आजच. "नाही नाही, घ्याच," मी म्हणालो.

"नको, नको. मला कशाला? माझ्या गाडीला आहे मीटर."

"दोन असलेले बरे. एकाचं ऐकायचं, दुसऱ्यावर पडताळायचं."

"दादा, का बिघडवतोस त्याला?" मलीहे म्हणाली. "मी त्याला शपथ घातलीये. कुणाच्या घरातून काही उचललंस तर माहेरी जाईन म्हटलंय."

"माहेर म्हणजे इथेच ना? ये की. खोल्या रिकाम्याच आहेत."

"चेष्टा करू नकोस. पोराच्या हातचं आहे ते. असं देतं का कुणी?"

"मी मनापासून देतोय."

"मनूचेहरखान, शरमिंदा करता तुम्ही," हूशंग म्हणाला, पण बोटं आता डबीवर होती. मी सहाव्यांदा म्हटलं, सातव्यांदा म्हटलं, तलअतच्या आत्म्याची शपथ घातली. तेव्हा कुठे त्याने मीटर खिशात घातला. दारातून जाताना मलीहे मागे वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. "दादा, तुला बरं आहे ना?" म्हणाली. मी म्हटलं, उत्तम आहे. खरंच उत्तम होतं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता.

फोन आला. साखर झाली, गोळ्या झाल्या. पावसाला मी मध्येच तोडला. "अरे, मीटर गेला."

"गेला? कुठे?"

"तुझ्या आतोबांनी नेला. पेशकश म्हटलं मी, चुकून."

सियामक खळखळून हसला. "आतोबांना पेशकश म्हणालात? बाबा, तुम्हाला माहीत नाही का?"

"आता काय करायचं सांग. पुन्हा बनवावा लागणार सगळा. रविवारी बसायचं का? की पुढच्या? तुझ्या सोयीनं."

"बसायला कशाला हवं? फाइल तुमच्या लॅपटॉपवरच आहे बाबा. देहकानकडून तेच भाग आणा, जोडा, केबल लावा, बटण दाबा. दहा मिनिटांचं काम."

"आकडे पुन्हा काढायचे ना?"

"त्यातच आहेत सगळे."

"शून्य?"

"शून्यपण. ठिपकाच आहे आता," तो हसत म्हणाला.

"तारा चुकल्या माझ्या तर?"

"तुमच्या? अख्खी गिरणी जोडलीत तुम्ही बाबा. माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त माहितीये."

मागे कुणीतरी ताटं रचत होतं. मला कळलं की आता कुर्बान जाऊ येणार, आणि त्याच्या आत मला काहीतरी बोलायला हवं. मी म्हणालो, "सियामक, तुझ्यासाठी काळीज तंग झालंय रे."

"माझंही बाबा," तो लगेच म्हणाला. "कुर्बान जाऊ. काळजी घ्या हं."

फोन बंद.

मी तसाच बसलो. त्याला काय दोष देणार? काळीज तंग झालंय, म्हणजे तुझी फार आठवण येते, हे आमच्याकडे सगळेच म्हणतात. विम्याचा एजंट मला फोनवर पहिल्यांदा हेच म्हणतो, मी त्यालाही हेच म्हणतो. कुणी हे म्हटलं की "माझंही" म्हणायचं, ही रीत त्याला मीच लावली होती. शहाण्या मुलासारखा तो म्हणाला. आता मला खरंच तसं झालं होतं, आणि त्यासाठी माझ्याकडे दुसरं वाक्य नव्हतं.

इतक्या वर्षांत मी आपणहून त्याला फोन केलेला नव्हता. फोन नेहमी तिकडून यायचा. मी नंबर लावला. पहिल्याच घंटेला त्याने उचलला.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही. मघाशी म्हणालो ना, काळीज तंग झालंय. ते मी खरंच म्हणालो."

तो आवाज बदलून म्हणाला, "बाबा, बरं वाटत नाहीये का? छातीत दुखतंय? साखर पुन्हा बघा. मी इस्मत खानमना फोन करू का?"

"नको, नको. मी ठीक आहे."

"नक्की?"

"नक्की."

"मग काय बाबा?"

कुणीतरी त्याला जर्मनमध्ये हाक मारली, त्याने काहीतरी उत्तर दिलं. घाईतलं उत्तर कुठल्याही भाषेत कळतं. दोनदा म्हणून झालं होतं. अजून एकदा, तिसऱ्यांदा आणि मग चौथ्यांदा म्हटलं असतं तर त्याला मानावंच लागलं असतं. पण तो तिकडे ताटावरून उठून उभा असेल, चेहरा पांढरा पडला असेल. पोराला घाबरवून काय मिळवायचं?

"पिवळी तार कुठे जोडायची रे?" मी विचारलं. "तेवढंच विचारायचं होतं."

त्याने मोठा श्वास सोडला. "अहो, घाबरवलंत ना! पिवळी... थांबा, आठवू द्या." तो थांबला. कान खाजवत असणार. "बाबा, लिहून घेता का? मी पहिल्यापासून सांगतो."

"थांब, पेन शोधतो," मी म्हणालो. पेन खिशातच होतं. "हं. आता सावकाश सांग."

त्याने लाल सांगितली, काळी सांगितली, बरोबर सांगितल्या. मग पिवळी आणि हिरवी उलट सांगितली. त्या दोन उलट जोडल्या की बिघडत काही नाही, पण पडदा कोरा राहतो. मी त्याने सांगितल्या तशाच लिहून घेतल्या.